पोटानं गेली

“तुमच्या आईची आई कशाने गेली?” कॅन्सर हॉस्पिटलातल्या समुपदेशक ऋताने विचारलं आणि पेन्सिल कागदावर टेकवली.

खरं तर नावांच्या बाबतीत जयमालाचा हात धरणारं शिरवण्यात कोणी नव्हतं. ती धवलारीण. लग्नाच्या मांडवात बसून धवले गायचे, देवांना आणि त्या घरातल्या गेलेल्यांना नावानिशी आवतण द्यायचं, हे तिचं काम. कुणाचीही पणजी विचारा, झोपेतून उठवलं तरी नाव सांगेल. पण माणूस कशाने गेलं, हे आवतणात कुठे येतं?

“पोटानं गेली,” ती म्हणाली. आई? तीही पोटानंच. मावशीसुद्धा. ऋताने कागदावरच्या वंशावळीतले तीन गोल काळे केले. चौथा जयमालाचा होता.

गर्भाशयाचा कॅन्सर. पाळी जाऊन दोन वर्षं झाली होती, तेव्हा पुन्हा डाग दिसू लागला. विटाळात धवलारणीने मांडवात बसायचं नसतं, आणि लग्नसराई तर तोंडावर. एवढं लग्न होऊ दे, मग दाखवू, असं करत तिने डाग लपवून आठ महिने काढले. देवाला फसवलं, त्याची ही शिक्षा, असं ती डॉक्टरीणबाईंपाशी रडली होती. शिक्षा नाही, उशीर आहे, असं त्या म्हणाल्या. ते तिला जास्त लागलं.

आता रक्ताच्या तपासणीत दोष घराण्यातून आल्याचं निघालं होतं. ऋता सावकाश समजावत होती. हा दोष बापाकडूनही मुलांत उतरतो. पुरुषांना आतड्याचा कॅन्सर होऊ शकतो. म्हणून आधी भावाचं, नामदेवचं रक्त बघायचं. त्याच्यात दोष नसला, तर त्याच्या मुलीला या दोषाची भीती नाही. असला, तर तिलाही तपासायचं.

भावाच्या मुलीचं, नमिताचं लग्न बारा दिवसांवर होतं.

नामदेवच्या ओटीवर पत्रिकांचा ढीग पडला होता. जयमालाने सगळं सांगितलं. नामदेवने आधी उठून दार लोटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा त्याचा जन्माचा मंत्र.

“बायांचा रोग. माझा काय संबंध?” तो म्हणाला. “लगीन होऊ दे. मंग बगू.”

एवढं लग्न होऊ दे. हेच शब्द जयमाला आठ महिने स्वतःशी बोलली होती. तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून नमिताला हाक मारली. नामदेव डोळे वटारत राहिला आणि तिने पोरीला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

नमिता सव्वीस वर्षांची, महापेला नोकरीला. ती रडली नाही. होणाऱ्या नवऱ्याला फोन लावत आतल्या खोलीत गेली. अर्ध्या तासाने बाहेर आली.

“आशुतोषला सांगितलं. आईशी बोलून कळवतो म्हणाला.”

“मोडली सोयरीक,” नामदेव बहिणीवर उखडला. “झाला तुजा समाधान?”

“मोडू दे, बाबा,” नमिता म्हणाली. “पण टेस्ट तुमची पहिली आहे. तुमी नाय केली, तर मी करणार.”

ती पुन्हा आत गेली. ओटीवर दोघं भावंडं उरली. नामदेव पत्रिकांचा ढीग सारखा करत बसला, तो सारखा होईना. मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, “आईला पन हाच व्हता का गं?”

“असंल.”

“मी तिला वरीसभर भगताकडं नेत व्हतो.”

जयमालाला ते दिवस आठवत होते. डॉक्टरकडे ने, असं आई दोनदा म्हणाली होती. तिने ते आत्ता सांगितलं नाही. “कुनाला ठाव व्हता तवा,” एवढंच म्हणाली.

आत फोन वाजला. दोघांनी दाराकडे पाहिलं. नमिताचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. दारावरची नजर न काढता नामदेव म्हणाला, “सकाली रगत द्याला उपाशीपोटी यावा लागल का?”

“नाय, दादा,” जयमाला म्हणाली. “खाऊन ये.”