ताईच्या घराची सर्व्हिस वायर

लाइनमन कुणाच्या शब्दावर खांब चढत नसे. डीपीतले, म्हणजे गल्लीला वीज देणाऱ्या पेटीतले फ्यूज काढायचे, स्वतःच्या खिशात घालायचे आणि तरीही वर जाण्याआधी तार तपासायची, हा त्याचा रिवाज. गल्ली याला भित्रेपणा म्हणायची. दोन दिवस विजेवाचून काढलेल्या माणसांकडून याहून गोड काही ऐकायला मिळेल, अशी त्याचीही अपेक्षा नव्हती.

वादळात फांदी पडून तार तुटली होती ती शेवटच्या खांबाच्या अलीकडे. तुटलेलं पलीकडचं टोक कुंपणावर लोंबकळत होतं आणि त्या टोकावर एकच घर उरलं होतं: त्याच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं. फ्यूज खिशात होते. त्याने लांब दांडीचा टेस्टर टोकाला लावला. टेस्टर पेटला आणि किरकिरायला लागला.

"मागे हो," तो कामावरच्या जोडीदाराला म्हणाला.

अंगणात जनरेटर धडधडत होता. भावजींनी तो मागच्या वर्षी घेतला आणि तेव्हापासून घरात इंजिनियर जन्मल्यासारखे वागत होते. जनरेटरची वायर खिडकीतून आत जाऊन सरळ भिंतीतल्या प्लगमध्ये खोचलेली. दोन्ही टोकांना पिना. भावजींची स्वतःची कारागिरी.

"भावजी, मेन बंद करा. तुमचा करंट बाहेरच्या तारेत येतोय."

"या! वर्षभर बहिणीचं दार दिसलं नाही. आज आलात ते आरोप घेऊन."

"तारेला हात लावला असता तर आरोप करायला उरलो नसतो."

"मेन बंदच आहे. मी काय अडाणी आहे?"

"मग टेस्टर खोटं बोलतोय का?"

"तुमच्या खात्याचा ना तो? बोलत असेल."

समोरच्या गच्चीवरून कुणीतरी खिदळलं. आपल्या विनोदाला हसणारा माणूस मिळाला की भावजी चूक कबूल करत नसत, ती दुरुस्त मात्र गुपचूप करत. ते आत गेले, खट्ट आवाज झाला आणि टेस्टर विझला.

"झालं समाधान? चढा आता."

"मेनचा फ्यूज काढून माझ्याकडे द्या."

"माझ्या घराचा फ्यूज तुमच्या खिशात? उद्या कपाटाची किल्ली मागाल!"

गच्चीवरून आवाज आला, "अहो लाइनमन, चढा की! दोन दिवस झाले, फ्रिजमध्ये बुरशीचं पीक आलंय!"

एवढ्यात ताई दारात आली. तिचा चेहराच सांगत होता की तिने आतून सगळं ऐकलंय आणि निकालही देऊन टाकलाय.

"मामंजींना ऑक्सिजनचं मशीन लावलंय. ते थांबलं तर जबाब द्यायला तू येणारेस?"

"जनरेटर चालूच राहू दे, ताई. मशीनही चालेल. फक्त मेनचा फ्यूज दे. तारेशी संबंध तुटला की झालं."

"यांनी बंद केलंय म्हणून सांगितलं ना? माझ्या नवऱ्याच्या शब्दाला तुझ्या लेखी काहीच किंमत नाही?"

"कुणाच्याच शब्दाला नाही. माझ्या स्वतःच्याही."

"नोकरी लागली तेव्हापासून शिंगं फुटलीत तुला," म्हणत ती आत गेली आणि दार आपटलं.

जोडीदार हळूच म्हणाला, "बंद आहे आता. पाच मिनिटांचं काम. घरचेच तर आहेत."

लाइनमनने शिडीवर पाय ठेवला. भांडण वाढवायचा त्यालाही कंटाळा आला होता. पण जुनी खोड गेली नाही. एक पाय शिडीवर ठेवूनच त्याने टेस्टर पुन्हा टोकाला टेकवला.

टेस्टर पेटला.

आणि आतून ताईचा आवाज आला, "अजून नाही आली हो लाइट!"

या घराची ही रीतच झाली होती. दर अर्ध्या तासाने मेनचा खटका वर करून तो चालू करायचा आणि पंखा जनरेटरवर फिरतो त्याहून जोरात फिरतो का ते बघायचं. फिरला तर लाइट आली. नाही फिरला तर मेन बऱ्याचदा तसाच राहायचा. भाऊ बाहेर तारेपाशी उभा आहे हे ताईला माहीत होतं. पण हाताला सवय होती, आणि रागात हात सवयीचंच ऐकतो.

 लाइनमनने रबरी हातमोजे चढवले, शिडी शेवटच्या खांबाला लावली आणि ताईच्या घराकडे जाणारी सर्व्हिस वायर, ती चालूच आहे असं धरून, खांबापाशी पकडीने तोडली. एक वायर, मग दुसरी. दोन्ही टोकांना टेप गुंडाळली. मग तुटलेल्या तारेला पुन्हा टेस्टर लावला, चुकून आलाच करंट तर जमिनीत जावा म्हणून अर्थिंगची साखळी टाकली आणि तार जोडली.

तासाभरात गल्लीत लाइट आली. गच्चीवर टाळ्या वाजल्या, अर्थात विजेसाठी. ताईच्या अंगणात मात्र जनरेटर धडधडतच राहिला.

"जोड ती वायर," ताई फाटकाशी येऊन म्हणाली.

"चेंजओव्हर स्विच बसवा. म्हणजे एका वेळी एकच, आमची लाइन नाहीतर तुमचा जनरेटर. आमचे साहेब बघून कागद देतील, मग जोडतो."

"किती दिवस?"

"तीन-चार. तोवर जनरेटरची टाकी भरलेली ठेवा. आमच्या गाडीतून ऑक्सिजनचा एक जादा सिलिंडर आणायला दवाखान्यात फोन केलाय मी."

"उपकार नकोत तुमचे!" भावजी मागून ओरडले.

"तुमच्यावर नाहीत. मामंजींसाठी आहे."

 मघाशी आपण काय केलं, हे ताईला एव्हाना कळलं होतं. म्हणूनच ती जास्त चिडली होती.

"मुद्दाम केलं का मी? बोल ना!"

"नाही."

"मग तोडलीस कशाला?"

"मुद्दाम केलं असतंस तर मला आधी कळलं असतं, ताई. सवयीचं कळत नाही."

तिने फाटक लावून घेतलं, आतून कडी घातली. तो शिडी खांद्यावर घेऊन निघाला. गल्लीतल्या एकाही घराने त्याला पाणी विचारलं नाही.