कोंबड्यांच्या पाण्यातलं औषध

मळवलीच्या हौशीरामच्या पोल्ट्रीत चार पक्षी मलूल दिसले, की तो सगळ्या शेडच्या पाण्यात अँटिबायोटिक ओतायचा. जनावरांच्या डॉक्टरांना विचारायची त्याला कधी गरज वाटली नाही. आपल्याकडे कितीतरी शेडांत हेच चालतं!

त्याची मुलगी समीक्षा पुण्याच्या प्रयोगशाळेत जनावरांमधल्या जंतूंवर काम करायची. दिवाळीला आली तेव्हा तिने कोंबड्यांच्या विष्ठेचे नमुने मागितले.

"नगं बाई! पोल्ट्रीत रोग हाय म्हनून बोभाटा झाला, तर माल कोन उचलंल?" हौशीरामने साफ नकार दिला.

माघात शेड झाडताना त्याच्या बायकोच्या, झुंबरबाईच्या पायाला पत्रा लागला. जखम चिघळली, विष रक्तात भिनलं. लोणावळ्याच्या दवाखान्यातून तिला पुण्याला हलवलं. डॉक्टरांनी औषधांमागून औषधं बदलली. एकही लागू पडेना. अकराव्या दिवशी ती गेली. रक्तात एन्टेरोकॉकस नावाचा जंतू सापडला होता.

तेराव्यानंतर हौशीराम स्वतःच लेकीला म्हणाला, "ने तुला काय न्यायचं ते."

महिन्याभराने ती अहवाल घेऊन आली.

"आबा, हा जंतू कोंबडीच्या पोटात असतोच, एरवी फारसा त्रास देत नाही. पण अंगात घट्ट चिकटायला, पेशी फोडायला मदत करणारी जनुकं काही जंतूंत असतात. पीसीआर तपासणीत ती ओळखता येतात. आपल्या शेडमधल्या जंतूंत ती सापडली. शिवाय तुम्ही पाण्यात घालता त्या औषधाला हे जंतू आता दादच देत नाहीत."

"म्हंजी तुज्या आईला मीच मारली?"

समीक्षाचे डोळे भरून आले. "ते कधीच कळणार नाही, आबा. आईच्या रक्तातला जंतू ताडून बघायला आता उरलेला नाही. हाच होता की दुसरा, कसं सांगू?"

'नाही' एवढा एक शब्द त्याला हवा होता. तो लेकीलाही देता येईना. हौशीराम धाय मोकलून रडला.

दुसऱ्या दिवशी त्याने आसपासच्या पोल्ट्रीवाल्यांना अंगणात बोलावलं आणि सगळं आपल्या तोंडाने सांगितलं; डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात औषध घालू नका, म्हणाला.

"डॉक्टर येईस्तोवर पक्षी मेले तर?" शेजारच्या बाजीरावने विचारलं.

"मरू देत! घरातलं मानूस गेल्यावर काय ऱ्हातं, ते मला इचार."

मग बाजीरावने हळूच समीक्षाला विचारलं, "नमुनं कवा नेशील, पोरी?"

बंधूंनो, भगिनींनो, अँटिबायोटिक म्हणजे खुराक नव्हे. पशुवैद्याने सांगितल्याशिवाय ते जनावरांच्या पाण्यात पडता कामा नये. आणि तपासणीला कुणी आलं, तर लाजेपोटी त्याला माघारी पाठवू नका. हौशीराम आता हेच गावोगाव सांगतो.