खिशातला चौकोनी सेल

बस चालवून निवृत्त झालेल्या अण्णांना संपलेला सेल सरळ केराच्या डब्यात भिरकावायची खोड होती. त्यांच्या बायको, म्हणजे काकू, घरीच शिवणकाम करायच्या. "अहो, त्यातलं विष मातीत उतरतं, कचऱ्याच्या गाडीत आगसुद्धा लागते. इलेक्ट्रिकच्या दुकानात जुन्या सेलांसाठी पेटी ठेवलीय, तिथे टाका," हे सांगून सांगून त्यांचं तोंड दुखलं. अण्णा या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देत.

मग काकूंनी सांगणं बंद केलं. केरात एक सेल सापडला, की टीव्हीच्या रिमोटमधला एक गायब! मॅच ऐन रंगात यायची आणि अण्णा बटणं दाबदाबून घामाघूम व्हायचे. पडद्यावर काकूंच्या मालिकेतली सून रडतच राहायची.

"काय हो, चालत नाही का?" काकू सुईत दोरा ओवत साळसूदपणे विचारायच्या.

अंतिम सामन्याच्या सकाळी अण्णा शरण आले. "दे बाई, कुठे आहेत ते जुने सेल! टाकून येतो पेटीत."

काकूंनी केरातून वेचलेले सगळे सेल पुढे केले, सोबत चिकटपट्टी. "आधी टोकांना पट्टी लावा."

"का? जखम झालीय त्यांना?" म्हणत अण्णांनी सेल तसेच पँटच्या खिशात कोंबले. खिशात किल्ल्यांचा जुडगा होताच.

दुकानात रांग होती. उभ्या उभ्या अण्णांना मांडीशी ऊब जाणवली. छान वाटलं. मग चटका बसला.

"आई गं!" अण्णांनी अशी उडी मारली, की रांगेने मागे सरून त्यांना जागाच करून दिली. खिसा उलटा केला तर चौकोनी सेलची दोन्ही टोकं किल्लीला टेकून तापलेली!

"काका, संपलेल्या सेलातही थोडी वीज उरते. पट्टी नव्हती लावली?" दुकानदार बाईंनी विचारलं.

"लावली होती. सुटली," अण्णांनी ठोकून दिलं. बाईंनी पट्टीचं रीळ पुढे सरकवलं. सगळ्या रांगेदेखत अण्णांनी जमिनीवर बसून एकेका सेलची टोकं झाकली आणि तो पेटीत टाकला.

दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या वहिनी केर घेऊन उतरत होत्या. केरात वरच टॉर्चचे सेल दिसले. अण्णांनी त्यांना जिन्यातच गाठलं. "वहिनी, ते केरात नाही टाकायचे! टोकं झाका आणि दुकानातल्या पेटीत टाका. निष्काळजी माणसाचे काय हाल होतात, काल डोळ्यांनी पाहिलं मी. एक गृहस्थ भर दुकानात नाचत होते बिचारे!"

दारात उभ्या काकूंनी विचारलं, "कोण हो ते?"

"ओळखीचे नव्हते," म्हणत अण्णा मांडी चोळत आत गेले.