साडूच्या बागेतली माशी

दादारावांचं पत्र आलं तेव्हा रामाकोन्याच्या शिवारात संत्र्याला आंबिया बहाराचा फुलोरा होता. आता फळ पिवळं पडू लागलं, तरी तुळशीरामनं उत्तर पाठवलं नव्हतं.

दादाराव मोहगावचे, त्याचे साडू. त्यांनी लिहिलं होतं, "फुलाजवळ हवेत एका जागी उभी राहणारी माशी दिसली तर फवारा मारू नका. तिची अळी मावा खाते. माझ्या बागेत पुष्कळ आहेत. तुमच्याकडे कसं काय?"

तुळशीरामला ते झोंबलं होतं. साडूच्या विहिरीला पाणी, साडूची झाडं डेरेदार, आणि आता माश्यासुद्धा शहाण्या! रागारागानं त्यानं सगळ्या बागेवर फवारा मारला होता.

आज झाडांखाली फळांचा सडा पडला होता. त्याच्या बायकोनं, मालतीनं, त्यातलं एक सोललं. फोडीत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या.

"अजी, पाहा. हे त्या माशीचं काम."

तिनं दाखवलेली माशी फांदीवरच्या फळावरच होती. साडूची माशी फुलाला धक्का न लावता अधांतरी उभी राही. ही पंख पसरून, बाजारात गिऱ्हाईक फिरावं तशी फळावर फिरत होती. मग थांबली, बूड टेकलं आणि सालीत सुईसारखं काही खुपसलं.

"दोघीच्याई अंगावर पिवळे पट्टे," मालती म्हणाली. "एक राखणदार, एक चोट्टी."

"मंग त्याच्या बागेत काहून नाही चोट्टी?"

"आली होती न मागच्या साली. भाऊजीनं बंदोबस्त केला म्हने. इचारा त्याईले."

"मी इचारू? दाद्याले? थो सोयऱ्याईत सांगत फिरन, तुळशीराम पाया पडला म्हनून!"

"तर मंग बसा माश्या मारत."

"तुले बहिणीचा नवरा लय गोड लागते."

"गोड त्याईची संत्री हायेत. नवरा मले तुमीच भेटले, काय करू?"

मागं आणखी एक फळ धपकन पडलं. तुळशीराम मान वर करून झाडाकडं पाहत राहिला. निम्मा बहार अजून फांदीला होता.

घरी येऊन त्यानं कार्ड काढलं. 'तुमच्यासारखीच माशी आमच्याकडेही आहे,' असं लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं, 'आमच्याकडे दुसरी आहे. फळात अंडी घालते. अर्धा बहार गेला. काय करावं ते कळवा. जमलं तर या.' शेवटी 'आपला' लिहायला हात धजेना. नुसतं नाव टाकलं.

टपालपेटीत कार्ड सुटलं तसं त्याला वाटलं, 'या' लिहायला नको होतं. त्यानं पेटीच्या तोंडात बोटं घालून चाचपलं. कार्ड तळाशी गेलं होतं.