तीस घरांचा एक पत्ता

औशात अश्वजित घरोघरी इंटरनेट देतो. इंटरनेटचे जुने पत्ते कमी, म्हणून तीस घरं एकाच पत्त्यावर चालायची. एका पत्त्यात हजारो क्रमांक, म्हणजे पोर्ट, असतात; ते मोकळे असतील तसे कुणीही वापरायचं आणि कोणता कुणी वापरला याची नोंद नसायची. एकदा त्यावरून कुणीतरी फसवणूक केली. घर ओळखता येईना, तेव्हा पोलिसांनी तीसही घरी चौकशी केली. निवृत्त शिक्षक लिंबाजींनी शरमेने जोडणीच तोडली.

मग अश्वजितने प्रत्येक घराला ठरावीक क्रमांक वाटून दिले आणि तो लिंबाजींकडे गेला.

“आता कुणाचं काय, लगेच कळतंय, गुरुजी.”

“मग आधीच का न्हाई केलं?”

“आधी मोकळा क्रमांक कुणीबी घ्यायचं, म्हणून कुणाला कमी पडत नव्हतं. आता ठरलेले क्रमांक पुरत न्हाईत, अशी जास्त फोन असलेल्या मोठ्या घरांची तक्रार हाय.”

लिंबाजींनी त्याला चहा दिला. जोडणी मात्र परत घेतली नाही.