विलायती संदूक

सुलाबाईच्या सासऱ्यानं सिकंदराबादच्या छावणीत एका साहेबाकडं जन्म काढला. साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्यानं आपली लाकडी संदूक त्याला देऊन टाकली. काळसर, भरीव लाकूड, कोपऱ्यांना पितळी पत्रा, दोन्ही अंगांना पितळी कड्या. सासऱ्यामागं सुलाबाईनं ती जिवापाड सांभाळली.

अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून गावोगाव वणवा पेटला. जमाव बौद्धवाड्यावर चालून आला, तेव्हा सुलाबाई आणि तिचा नवरा सूर्यभान अंगावरच्या कपड्यांनिशी ज्वारीच्या रानातून मानवतला पळाले.

पंधरवड्यानं पोलिसांसोबत परत आले, तर घराच्या जागी काळ्या भिंती. सूर्यभान राख उकरू लागला. सुलाबाई उभीच राहिली. रडू येईल म्हणून तिनं वाट पाहिली. आलं नाही.

तेवढ्यात सरजाबाईचं बोलावणं आलं. गावातल्या मोठ्या शेतकऱ्याची, भगवानरावाची ती बायको. सुलाबाई तिच्याच रानात खुरपायला जायची.

ओसरीवर संदूक होती. साधा चरासुद्धा नव्हता.

"आतलं जसंच्या तसं हाय. बघ," सरजाबाई म्हणाली.

सुलाबाईनं झाकण उचललं. लुगडी होती, सासऱ्याचा फेटा होता.

"हाय," ती म्हणाली. "कुणी काढली?"

सरजाबाईनं पदर तोंडाला लावला. "आमच्या पोरानं, चंद्रभाननं. त्यो बी व्हता त्यांच्यात. म्या आडवी गेले. म्हणलं, सुलाची संदूक तरी काढा, मग काय करायचं ते करा."

"आन् काढली त्यानं?"

"काढली की. माझा शबूद न्हाई मोडत त्यो."

"मग घराचं बी बोलायचं व्हतं, बाई."

ती रागानं बोलली नव्हती. मिठाचा भाव विचारावा तसं बोलली. सरजाबाईनं आत चहा सांगितला. आतून चहा आला. सुलाबाईनं तो घेतला, पिऊन टाकला. गरम होता की गार, तिला कळलं नाही.

"आता कुठं ठिवतीस? राहू दे हितं, घर हुईस्तोवर."

"न्हाई. गाडी द्या."

गाडीत संदूक घालून दोघं मानवतला गेली. धान्याच्या मोंढ्यामागं एक खोली मिळाली. संदूक भिंतीला लावली, तर अर्धी खोली भरली. सूर्यभान हमालीला लागला, सुलाबाई धान्य पाखडायला.

पुढं एकदा बाजारात सरजाबाई दिसली. "बरी हायस का?" तिनं विचारलं.

"बरी हाय," सुलाबाई म्हणाली आणि कांदे निवडत राहिली.