पांढऱ्या मुशीतली काच

पोरगी तराजूपाशी बसून रडत होती आणि सर आत चहा पीत होते. असला राग आला म्हणून सांगू!

आमच्या प्रयोगशाळेत फॉस्फेटची काच वितळवतात. तिच्यात व्हॅनेडियम जितकं जास्त, तितकी वीज जास्त वाहते आणि उजेड कमी पार होतो. किती घातल्यावर किती फरक पडतो, त्या आलेखावर सरांनी नाव कमावलं. पण त्यांच्या काचा पांढऱ्या मातीच्या मुशीत वितळवलेल्या. भट्टी सांभाळणारा, मुशी धुणारा मी. दर खेपेला तळ झिजलेला दिसायचा. म्हणजे मूसच थोडी थोडी काचेत उतरून व्हॅनेडियमचं प्रमाण कमी करत होती, आणि कागदावर तिचा पत्ता नाही.

पीएचडीच्या या पोरीनं तेच प्रयोग न झिजणाऱ्या प्लॅटिनमच्या मुशीत केले. वीज जास्त वाहिली, काच जास्त काळी आली. सर कडाडले, "साधी वजनं धड करता येत नाहीत? माझे आकडे आले नाहीत तर प्रबंधावर सही नाही!" तिनं पाचदा केलं. पाचही वेळा तेच.

"अगं वेडे, हात चांगले आहेत तुझे," मी म्हणालो आणि दोन्ही मुशी पुढ्यात ठेवल्या. "दोन्हींत वितळव. दोन्ही काचा सरांपुढे ठेव. मग बघू कसे बोलतात!"

तिनं वितळवल्या. पांढऱ्या मुशीतली काच सरांच्या रेषेवर बरोब्बर बसली. मी खुशीत दोन्ही काचा डब्यांत घालून दिल्या.

तासाभरानं सर हसत बाहेर आले. "जमलं बघ शेवटी!" त्यांच्या हातात एकच डबा होता.

मी तिला जिन्यात गाठलं. "दुसरी काच कुठंय?"

"काका, सात वर्षं झाली. मला आता सुटायचंय."

"अगं, पण खोटं आहे ते!"

"तळ झिजलेला दिसला तेव्हा तुम्ही कुणाला सांगितलंत?"

कुणालाच नाही. भट्टीवाल्याला कोण विचारतं, असं म्हणणार होतो. तसाच भट्टीकडे परतलो.

वर्षभरात तिला पदवी मिळाली. निरोपाच्या दिवशी सरांनी प्रबंधातलं आभाराचं पान मोठ्यानं वाचलं. शेवटची ओळ माझ्यावर होती: "भट्टीवाले काका, तुमच्यामुळेच आकडे जुळले." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी उठून हात जोडले.